पत्ता बडोद्याचा, बोट वेरावळची: समुद्री मासेमारीच्या परवान्यात रहिवास कुठे विचारला जातो आणि कुठे नाही

बडोद्याहून समुद्र तसा जवळ आहे. पादरा ओलांडून जंबुसर, तिथून कावी-कंबोई. भरतीला स्तंभेश्वराची पिंड पाण्याखाली जाते ती बघायला दांडिया बाजारातली मंडळी सकाळी निघून संध्याकाळी घरी असतात. पण बडोदे जिल्ह्याला स्वतःचा किनारा नाही. त्यामुळे मासेमारी बोटीत पैसे घालायचे, वडिलोपार्जित हिस्सा नावावर करायचा किंवा कंपनी काढून बोट चालवायची असे ठरले की इथल्या माणसाला एकच शंका येते: लाइट बिल बडोद्याचे, वेरा बिल (घरपट्टी) महापालिकेचे, मग परवाना मिळणार का? की आधी वेरावळला भाड्याची खोली घेऊन आधारवरचा पत्ता बदलायचा?

पत्ता बदलू नका. गरज नसताना बदललेला पत्ताच पुढे त्रास देतो. बोटीचा मालक होण्यासाठी कायदा भारतीय नागरिकत्व विचारतो, घराचा जिल्हा नाही. परवाना माणसाला नव्हे, बोटीला मिळतो, आणि तो कोणत्या कचेरीतून मिळणार हे बोटीच्या मूळ बंदरावर ठरते. राहण्याच्या जागेचा खरा प्रश्न येतो तो मच्छीमार म्हणून ओळखपत्र, सहकारी संस्थेचे सभासदत्व आणि सरकारी योजना घेताना. मालकी, परवाना आणि मच्छीमाराच्या या सवलती यांची सरमिसळ झाली की दलालाचे फावते.

इंटरनेटवर या विषयाची चौकशी केली तर बहुतेक वेळा अमेरिकेची माहिती समोर येते आणि गोंधळ वाढतो. तिथे परवाना प्रत्येक राज्य आपल्या कायद्याने देते आणि रहिवासावर फीसुद्धा बदलते. फ्लोरिडात समुद्री माल विकण्याचा वैयक्तिक परवाना रहिवाशाला ५० डॉलरला, दुसऱ्या राज्यातल्या माणसाला २०० डॉलरला आणि परदेशी नागरिकाला ३०० डॉलरला पडतो. आपल्याकडची रचना तशी नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतला विषय आहे (नोंद २१), तर प्रादेशिक समुद्राबाहेरची मासेमारी केंद्रसूचीत येते (नोंद ५७). किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, राज्याचा कायदा; तिथून २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा. गुजरातेत राज्याचा कायदा म्हणजे २००३ चा गुजरात मत्स्योद्योग अधिनियम.

नोंदणी वेगळी, परवाना वेगळा

गाडीचे आरसी बुक आणि टॅक्सीचे परमिट यांत जो फरक, तोच इथे आहे. नोंदणी सांगते की बोट कोणाची आहे, किती लांब आहे, तिचे इंजिन कोणते. परवाना सांगतो की ही बोट अमुक पद्धतीने, अमुक मुदतीपर्यंत मासे धरू शकते. नोंदणी मालकाच्या नागरिकत्वाकडे बघते. परवाना बोट, जाळे आणि बंदर बघतो.

नोंदणीची मूळ चौकट १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यातून आली. त्यातल्या मासेमारी बोटींच्या प्रकरणानुसार ‘भारतीय मासेमारी बोट’ ठरायला ती संपूर्णपणे भारतीय नागरिकांच्या, भारतीय कंपनीच्या किंवा नोंदणीकृत सहकारी संस्थेच्या मालकीची असावी लागते. ‘संपूर्णपणे’ हे महत्त्वाचे आहे: चार भागीदारांपैकी एक परदेशी नागरिक निघाला तर चौघांचाही अर्ज अडतो. संसदेने २०२५ मध्ये नवा मर्चंट शिपिंग कायदा संमत केला आहे आणि त्यात मालकीच्या व्याख्या नव्याने मांडल्या आहेत. म्हणून अर्जाच्या दिवशी कोणत्या कायद्याखाली नोंदणी चालू आहे, हे नोंदणी कचेरीतून लेखी विचारून घ्यावे. तोंडी उत्तर पुढच्या साहेबाला बांधून ठेवत नाही.

भागीदारी पेढी असेल तर नोंद पेढीच्या नावावर करण्यापेक्षा भागीदारांच्या नावांवर, हिश्शांसह करणे सरळ पडते. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय अलकापुरीत असो की मकरपुऱ्यात, त्याने अडत नाही.

पहिले पाऊल: मूळ बंदर ठरवा

बहुतेक लोक आधी बोट बघतात, मग बंदर. उलट करा. बंदर ठरले की कचेरी, खर्च आणि बोटीचा आकार ठरतो.

बडोद्याला जवळची म्हणून भरूच जिल्ह्यातली कावी, टंकारी किंवा नर्मदेच्या मुखाजवळचे भाडभूत ही नावे पुढे येतात. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, चिखल जास्त आणि ओढ जोराची. तिथे लहान बोटी, खुंटांना बांधलेली जाळी आणि पावसाळ्यात भाडभूतची चाकशी, जिला पलवा किंवा हिल्सा म्हणतात, असा व्यवसाय चालतो. ट्रॉलर, म्हणजे मोठे जाळे ओढत नेणारी यांत्रिक बोट, तिथे ठेवण्यात अर्थ नाही. मोठ्या बोटीसाठी वेरावळ, मांगरोळ, पोरबंदर, जाफराबाद, ओखा ही सौराष्ट्रातली बंदरे, दक्षिणेकडे नवसारी-वलसाडचा किनारा. वेरावळ बडोद्याहून रस्त्याने चारशे किलोमीटरहून जास्त आहे. कागदांसाठी तीन-चार फेऱ्या होतातच, तेव्हा त्या धरूनच हिशेब मांडा.

दोन सीमा लक्षात ठेवा. दीव आणि दमण हे केंद्रशासित प्रदेशात येतात. वणाकबारा गुजरातच्या किनाऱ्याला लागून असले तरी तिथल्या बोटीची नोंदणी गुजरातच्या कचेरीत होत नाही. तसेच उमरगाम-नारगोळ गुजरातेत आणि त्यांच्या शेजारचे झाई महाराष्ट्रात. दोन्हीकडे मराठी आणि गुजराती दोन्ही कानावर पडतात, पण कागद मात्र दोन वेगळ्या राज्यांचे.

मूळ बंदर बोटीच्या नंबरातच दिसते. गुजरातच्या बोटीवर ‘आयएनडी-जीजे’ नंतर जिल्ह्याचा आकडा असतो: पोरबंदरचा २५, गीर सोमनाथचा ३२, जुन्या जुनागढ नोंदणीचा ११. त्यापुढची ‘एमएम’ अक्षरे यांत्रिक बोटीची, ‘एमओ’ मोटर बसवलेल्या लहान बोटीची. हे आकडे ओळखीचे वाटतील, कारण ते गाडीच्या पाटीवरच्या जिल्हा क्रमांकांशी जुळतात. तुमच्या स्कूटरवर बडोद्याचा ०६ असला तरी बोटीवर तो आकडा येणार नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही.

दुसरे पाऊल: मालकाची ओळख आणि पत्ता एका रेषेत आणा

पत्ता बडोद्याचा चालतो, पण सगळीकडे एकच हवा. इथल्या मराठी घरांत अडचण पत्त्याची कमी आणि नावाची जास्त असते. महाराष्ट्रातल्या शाळेच्या दाखल्यावर ‘दत्तात्रय विष्णू’ असे नाव, बडोद्यात केलेल्या रेशनकार्डावर ‘दत्तात्रयभाई विष्णुभाई’, पॅनकार्डावर आडनाव शेवटी आणि गुजरातच्या दाखल्यावर आडनाव सुरुवातीला. बायकांच्या नावांपुढे ‘बेन’ लागलेले असते, तर माहेरचे नाव बँकेत तसेच राहिलेले. संगणकाला ही चार वेगळी माणसे वाटतात. अर्ज परत येण्याचे हे सगळ्यांत साधे आणि सगळ्यांत सामान्य कारण आहे.

उपाय असा: आधार हा पाया धरा. पॅन, बँक खाते आणि विक्रीखत आधारवरच्या अक्षरांशी जुळवा. ‘भाई’ किंवा ‘बेन’ आधारवर असेल तर विक्रीखतातही तसेच लिहा. शुद्ध मराठी रूपाचा आग्रह इथे सोडून द्यावा. जुन्या कागदावरचे नाव बदलणे शक्य नसेल तर ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या.

पत्त्यासाठी आधारशिवाय मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, लाइट बिल किंवा वेरा बिल यांपैकी एक जोडा. भाड्याच्या घरात असाल तर नोंदलेला भाडेकरार. डोमिसाईल दाखला काढायची घाई करू नका. मामलतदार कचेरीच्या जनसेवा केंद्रात त्यासाठी रांग लावून वेळ घालवतात आणि नंतर कळते की मालकी-नोंदणीसाठी तो कोणी मागितलाच नव्हता. कचेरीने यादीत लिहून मागितला तरच काढा.

कंपनीसाठी स्थापनेचे प्रमाणपत्र, पॅन, संचालकांची यादी, आणि अमुक माणसाला अर्जावर सही करायचा अधिकार दिला असा संचालक मंडळाचा ठराव. या ठरावात बोटीचे नाव किंवा नंबर नसेल तर ठराव परत पाठवला जातो. नुसते ‘सर्व कामांसाठी अधिकार’ पुरत नाही.

तिसरे पाऊल: बोट घेण्याआधी कागद वाचा

नवी बोट बांधायची असेल तर पठाण ठेवण्यापूर्वी, म्हणजे बांधकामाचे पहिले लाकूड बसण्यापूर्वी, मत्स्योद्योग खात्याची पूर्वपरवानगी मागा. किनाऱ्यावर बोटींची संख्या आधीच भरपूर असल्याने नव्या बोटीचा अर्ज काटेकोरपणे बघितला जातो. मासेमारी हा कधी न केलेला धंदा असलेल्या शहरी अर्जदाराला इथे ‘स्थानिक संस्थेचे पत्र आणा’ असे सांगितले जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. ही मागणी कायद्यातून येते की कचेरीच्या धोरणातून, ते लेखी मागा. परवानगीविना बांधलेली बोट नोंदवणे फार कठीण जाते आणि तोपर्यंत पैसे लाकडात गेलेले असतात.

जुनी बोट घेताना मूळ नोंदणी प्रमाणपत्र डोळ्यांनी बघा. झेरॉक्सवर व्यवहार करू नका. मूळ प्रत विक्रेत्याकडे नसेल तर ती बहुधा बँकेत किंवा सावकाराकडे असते. त्यानंतर पुढच्या गोष्टी एकेक करून जुळवा:

– प्रमाणपत्रावरची लांबी, रुंदी आणि प्रत्यक्ष बोट. स्वतः टेप लावून मोजा. दुरुस्तीत बोट मीटर-दोन मीटर वाढवलेली असते आणि कागद जुनाच राहतो.
– इंजिनाचा नंबर आणि अश्वशक्ती. इंजिन बदलले असेल तर नव्याचे बिल आणि बदलाची नोंद.
– बँकेचा बोजा. कर्ज फिटले असेल तरी बँकेचे पत्र येऊन बोजा उतरवल्याची नोंद झालेली हवी.
– बोटीवर किंवा मालकावर मत्स्योद्योग कायद्याखाली चालू असलेली प्रकरणे व थकीत दंड.
– बोट सरकारी अनुदानातून घेतलेली आहे का. अशा बोटीच्या विक्रीवर मंजुरीपत्रात बंधने असतात. ते पत्र वाचल्याशिवाय बयाणा देऊ नका.
– विमा आणि ट्रान्सपॉन्डर (बोटीची जागा कळवणारे यंत्र) कोणाच्या नावावर.

दुसऱ्या राज्यातली बोट आणणार असाल तर तिथल्या नोंदणी कचेरीचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि तिथली नोंद रद्द झाल्याचा कागद आधी घ्या. एकाच बोटीची दोन राज्यांत नोंद हा गुन्ह्याचा विषय आहे, आणि ती समुद्रात तटरक्षक दलाच्या तपासणीत सापडते, कचेरीत नव्हे.

विक्रीखतात दोन्ही पक्षांचे पत्ते, पॅन, बोटीचा पूर्ण नंबर, इंजिन नंबर, जाळी आणि सामान यांची यादी, आणि ‘आजच्या तारखेपर्यंतची देणी व दंड विक्रेत्याचे’ हे कलम घाला. पैसे बँकेतून द्या. बंदरावर अर्धी रक्कम रोख मागण्याची पद्धत आहे. त्या अर्ध्या रकमेचा पुरावा राहत नाही आणि उद्या विमा कंपनी खतातली कमी किंमतच धरते.

चौथे पाऊल: अर्ज आणि तपासणी

नोंदणी, मालकी बदल, मूळ बंदर बदल आणि परवाना ही कामे ‘रिअलक्राफ्ट’ या केंद्रीय पोर्टलवरून होतात. खाते बडोद्यात बसून उघडता येते. मोबाइल नंबर मात्र मालकाचा स्वतःचा द्या, दलालाचा नको. दलालाचा नंबर दिला की ओटीपी त्याच्याकडे जातो, त्रुटीचा संदेशही त्याच्याकडे जातो, आणि नूतनीकरणाच्या वेळी त्याच्याशिवाय तुमचे पान हलत नाही.

अर्जात बोटीचा प्रकार, मोजमापे, बांधणीचे साल आणि जागा, इंजिन, जाळ्याची पद्धत, मूळ बंदर ही माहिती जाते. सोबत ओळख, पत्ता, मालकीचा कागद, इंजिनाचे बिल, विमा, बोटीचे बाजूने आणि समोरून काढलेले फोटो. फोटोत नंबर वाचता आला पाहिजे. अर्ज कोणत्या राज्याच्या, कोणत्या कचेरीच्या खात्यात टाकला ते सबमिट करण्याआधी पुन्हा बघा. मालकाचा पत्ता बडोदे म्हणून बडोदे निवडायचे नाही, कचेरी बंदराची निवडायची.

यानंतर अधिकारी बोट प्रत्यक्ष बघतो. ट्रॉलर एकदा गेला की दहा-पंधरा दिवस परतत नाही, त्यामुळे तपासणीची तारीख आणि फेरी जुळत नाहीत आणि अर्ज लोंबकळतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते; गुजरात सरकार स्वतःच्या आदेशाने ती ऑगस्टच्या मध्यापर्यंतही नेते. या काळात सगळ्या बोटी किनाऱ्यावर, पण सगळे मालकही त्याच कचेरीत. एप्रिल-मे मध्ये अर्ज टाकून त्रुटी निस्तरून ठेवा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तपासणी मागा. जुलैच्या शेवटी अर्ज करणाऱ्याचा हंगामाचा पहिला, सगळ्यांत चांगला महिना हातचा जातो.

तपासणीत लांबी, इंजिन, नंबर रंगवलेला आहे का, जीवरक्षक जाकिटे माणसांइतकी आहेत का, संपर्काचे साधन हे बघतात. २० मीटरपेक्षा लांब बोटीला एआयएस, म्हणजे बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवणारे यंत्र, लागते. जाळ्याबाबत गुजरातचा नियम असा की ट्रॉल जाळ्याच्या खोळीचे डोळे चौकोनी आणि किमान ४० मिलिमीटरचे हवेत. किनाऱ्यालगतचे पाच सागरी मैल, साधारण ९ किलोमीटर, पारंपरिक लहान होड्यांसाठी राखीव आहेत. ट्रॉलरच्या मालकाने तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, हे पहिल्याच दिवशी सांगावे, कारण दंडाची नोटीस तांडेलाच्या नव्हे, मालकाच्या बडोद्याच्या पत्त्यावर येते.

नोंदणी झाली म्हणून समुद्रात जायचे नाही. परवाना हातात हवा, आणि गुजरातेत प्रत्येक फेरीआधी टोकन, म्हणजे त्या फेरीसाठी समुद्रात जाण्याचा दाखला, काढावे लागते. मालकी बदल अपुरा असेल तर टोकन जुन्या मालकाच्या नावावर निघते. दोन-तीन महिने असे चालवून बघू, असे म्हणणारे पुष्कळ. पण तेवढ्यात बोट बुडाली किंवा पाकिस्तानच्या सागरी यंत्रणेने धरली, तर विमा आणि सरकारी मदत दोन्ही कागदावरच्या मालकाला, म्हणजे बोट विकून मोकळ्या झालेल्या माणसाला मिळतात.

पाचवे पाऊल: माणसे

खलाशांना रहिवासाची अट नाही, ओळखीची आहे. सौराष्ट्राच्या बोटींवर पालघर, दीव, वलसाड आणि थेट आंध्रातल्या श्रीकाकुळमची माणसे असतात. प्रत्येकाचे आधार, फोटो, मोबाइल, घरच्या माणसाचा नंबर आणि मूळ गावचा पत्ता यांची यादी बोटीवर एक, तांडेलाकडे एक आणि बडोद्यात तुमच्याकडे एक हवी. टोकनवरची नावे आणि बोटीवरची माणसे एकच असली पाहिजेत. शेवटच्या क्षणी एक खलाशी आला नाही म्हणून त्याच्या आधारवर दुसऱ्याला चढवणे हे बंदरावर सर्रास चालते, आणि ते सर्वांत घातक आहे. सीमेपलीकडे बोट धरली गेली तर भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्यांची देवघेव करतात. यादीतल्या माणसाचे नागरिकत्व त्याच्या गावात पोलीस पडताळतात, मगच सुटकेचे पुढे सरकते. नाव चुकीचे असेल तर पडताळणी त्या दुसऱ्याच माणसाच्या दारात जाते.

बोटीवर दोन नंबर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवा: तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३.

१२ मैलांपलीकडे

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे १२ ते २०० सागरी मैलांच्या पट्ट्यातल्या, मासेमारीचे नवे नियम अधिसूचित केले. त्यानुसार यांत्रिक आणि मोठ्या मोटर बोटींना प्रवेश-पास घ्यावा लागतो. तोही रिअलक्राफ्टवरच, विनाशुल्क. पारंपरिक आणि बिगरमोटर होड्यांना तो लागत नाही. पाससाठी मच्छीमार सहकारी संस्था आणि मत्स्य उत्पादक संघटनांना प्राधान्य आहे. इथेही मालकाचा जिल्हा विचारात नाही, पण राज्याची नोंदणी आणि परवाना चालू नसेल तर पुढचे काहीच नाही. परदेशी बोटींना या क्षेत्रात मुभा नाही. एलईडी दिवे लावून, किंवा दोन बोटींनी मिळून एक जाळे ओढून मासेमारी करण्यावर बंदी आहे. ‘खोल समुद्रात कोण बघतोय’ म्हणून दिवे भाड्याने देणारे भेटतील. ट्रान्सपॉन्डर बघत असतो.

माल युरोपला जाणार असेल तर निर्यातदार एमपेडाकडून, म्हणजे समुद्री उत्पादनांच्या निर्यातीचे काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेकडून, पकड-प्रमाणपत्र घेतो. त्यात बोटीचा नंबर आणि परवान्याची मुदत येते. परवाना संपलेल्या बोटीचा माल घ्यायला चांगला व्यापारी म्हणूनच नाही म्हणतो.

रहिवास खरोखर लागतो तो इथे

मच्छीमार सहकारी संस्थेच्या उपविधीत कार्यक्षेत्र लिहिलेले असते: अमुक गाव, अमुक तालुका. सभासद त्या क्षेत्रात राहणारा आणि प्रत्यक्ष मासेमारी करणारा हवा. बडोद्यात राहणाऱ्या मालकाला तिथे नकार मिळाला तर तो अन्याय नाही. संस्था ज्यांच्यासाठी उभी राहिली त्यांच्यासाठीच ती आहे. किनारी मच्छीमारांची बायोमेट्रिक ओळखपत्रेही २६/११ नंतर सागरी गावांतल्या मच्छीमारांना डोळ्यांसमोर ठेवूनच देण्यात आली.

बंदीच्या काळातल्या उदरनिर्वाहाच्या मदतीचे उदाहरण घ्या. तिच्यात ४,५०० रुपयांपैकी १,५०० मच्छीमाराने साठवायचे आणि ३,००० सरकारचे. ती पूर्णवेळ, दारिद्र्यरेषेखालच्या मच्छीमार कुटुंबासाठी आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत खोल समुद्रातल्या बोटीचा प्रकल्पखर्च १२० लाख धरला होता आणि अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. पण ‘पारंपरिक मच्छीमारांसाठी’ ही अट मथळ्यातच होती. डिझेलवरची सवलतही नोंदणी, परवाना आणि राज्याच्या अटी यांतून जाते. ती मिळेलच असे धरून नफ्याचा हिशेब करू नका, नंतर मिळाली तर वरकड समजा.

आणि इथेच तो नेहमीचा सल्ला येतो: ‘बोट एखाद्या स्थानिक मच्छीमाराच्या नावे घ्या, पैसे तुमचे, अनुदान मोफत.’ अशा व्यवहारात बोट कायद्याने त्याचीच. त्याने ती विकली, त्याच्यावर कर्ज निघाले, किंवा तो वारला आणि वारस उभे राहिले, तर तुमच्याकडे दाखवायला काही नाही. उलट खोट्या माहितीवर अनुदान घेतल्याची वसुली दोघांवर येते. ज्याला खरोखर स्थानिक माणसाबरोबर धंदा करायचा आहे त्याने बोट त्याच्या मालकीची राहू द्यावी आणि आपण लेखी करारावर कर्जदाता म्हणून किंवा माल खरेदीदार म्हणून राहावे. खरेदी-विक्रीला मासेमारी परवाना लागतच नाही. अन्नसुरक्षा परवाना आणि निर्यात करायची असेल तर एमपेडाची नोंदणी पुरते. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर व्यापारी आणि प्रक्रिया करणारेही नाव नोंदवू शकतात, पत्ता बडोद्याचा असला तरी.

रत्नागिरीला घर आहे, तिथून परवाना घ्यावा का?

बडोद्यातल्या बऱ्याच घरांचे मूळ कोकणात, त्यामुळे हा प्रश्न येतो. महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम लागू आहे आणि तो २०२१ मध्ये कडक झाला. गावी सातबाऱ्यावर नाव असणे म्हणजे रहिवास नव्हे, आणि बोटीच्या नोंदणीला सातबाऱ्याचा उपयोगही नाही. बोट खरोखर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला लागणार असेल, माल तिथेच उतरणार असेल, तर रत्नागिरीच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या कचेरीत अर्ज करा. बोट वेरावळला ठेवून कागद रत्नागिरीचे, असे केले तर गुजरातच्या १२ मैलांत ती परराज्यातली बोट ठरते.

परदेशातले भाऊ-बहीण

भारतीय पासपोर्टवर दुबईत किंवा कॅनडात राहणारा भाऊ भारतीय नागरिकच आहे. तो सहमालक होऊ शकतो. ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले आणि आता ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे) आहे, तो भारतीय नागरिक नाही. १९५८ च्या व्याख्येत त्याला जागा नव्हती, आणि २०२५ च्या कायद्यानुसार त्याचे नाव मासेमारी बोटीवर चालेल का हे नोंदणी कचेरीने लेखी सांगितल्याशिवाय खतात घालू नका. वडिलांच्या बोटीत वारसाहक्काने त्याचा हिस्सा येत असेल तर मालकी बदलाचा अर्ज करण्याआधी हक्कसोडपत्र किंवा हिश्श्याची विक्री उरकून घ्या. एका ओसीआय वारसामुळे बोटीची भारतीय ओळखच प्रश्नात येते.

भारतीय पासपोर्टवाला भाऊ स्वतः येऊ शकत नसेल तर कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवू द्या. ते गुजरातेत पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक भरून घ्यावा लागतो. पाकिटावरची पोहोचल्याची तारीख जपून ठेवा. मुखत्यारपत्रात बोटीचा नंबर, अर्जावर सही, तपासणीला हजेरी, परवान्याचे नूतनीकरण आणि विम्याचा दावा हे पाचही अधिकार वेगवेगळे लिहा. विम्याचा दावा हा बहुतेक मसुद्यांत राहून जातो.